दही न लागणारं दूध

१

आमचे सर पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणतात, "ही यशोधरा, आमच्या लॅबचं नाक." मला रागच येतो. एम.एस्सी. काय हुंगण्यासाठी केली होती का मी? पण त्यांचं अगदीच चूक नाही. न्हावा-शेव्याच्या बंदरात परदेशातून खाण्याचा माल उतरतो, तिथले अधिकारी कंटेनर उघडून नमुने काढतात, सील करतात, आणि सकाळी व्हॅन ते नमुने अंबरनाथला, आनंदनगर एमआयडीसीत आमच्या लॅबमध्ये आणून टाकते. बदाम, तेल, मसूर, चीज, चॉकलेट. यंत्रांकडे जायच्या आधी प्रत्येक पाकीट माझ्या टेबलावर येतं. मी ते उघडते, बघते, हुंगते. बुरशी, खवट तेल, उंदराचं मूत, गोणीला लागलेलं डिझेल, सगळं मला पहिल्या श्वासात कळतं. मग बाकीचे तपासतात, आणि शेवटी रिपोर्टवर सहीही माझीच. ती झाली की माल बंदरातून सुटतो आणि लोकांच्या पोटात जातो. नाही झाली तर परत जातो, नाहीतर नष्ट होतो.

त्या दिवशी दूध पावडर आली होती. उल्हासनगरच्या एका व्यापाऱ्याने मिठाईवाल्यांना विकायला मागवलेली. मी पाकीट फोडलं, नाक घातलं आणि थांबले. वासच नव्हता.

दूध पावडरला वास असतो हो. थोडा गोडसर, थोडा भाजल्यासारखा, जुनी असली तर पुठ्ठ्याचा. इथे पाकिटात तोंड घालून श्वास ओढला तर फक्त माझ्याच हाताच्या साबणाचा वास आला. मला वाटलं, सर्दी झाली. जाऊन कॉफीची बाटली हुंगली. कॉफी झणझणीत होती.

आमच्याकडे वासाबद्दल दोनच शब्द लिहायची सोय आहे, सामान्य किंवा आक्षेपार्ह. जे नाहीच त्यावर आक्षेप काय घेणार, कपाळ? मी सामान्य लिहिलं. बाकी सगळं मर्यादेत निघालं. फॅट, पाणी, प्रथिनं ठीक. युरिया नाही, शिसं नाही. जंतूंचा विभाग बघणारा हितेश, उल्हासनगर कॅम्प तीनचा सिंधी, माझ्याहून मोठा असून मला मॅडम म्हणणारा, तो काचेच्या प्लेटी घेऊन स्वतः आला. "मॅडम, बघा. कोऱ्या. इतका साफ माल मी लाइफमध्ये नाही बघितला."

मी सही केली.

२

आमच्या लॅबमध्ये एक कपाट आहे, त्याला आम्ही प्रसादाचं कपाट म्हणतो. पास झालेल्या मालाचे राखून ठेवायचे नमुने राखले की जास्तीचं जे उरतं ते त्यात जातं, आणि ज्याला जे हवं ते त्याने घरी न्यावं. नियमात बसतं का? नाही बसत. पण चांगले बदाम कचऱ्यात टाकायला कोणाचा हात धजणार? मी बौद्ध घरातली, आमच्यात प्रसाद नसतो, पण त्या कपाटाला मीही प्रसादच म्हणते. त्यातलं खाणं बाहेरच्या कुठल्याही खाण्यापेक्षा सुरक्षित, अशी आम्हा सगळ्यांची खात्री. आम्हीच तपासलेलं ना!

पावडरची पाकिटं बरीच उरली होती. हितेशने आईसाठी नेली. मी मायासाठी नेली.

माया माझी मुलगी, दुसरीत. जन्मल्यापासून छातीत कफ. बदलापूरच्या कुळगावात राहतो आम्ही, हवा कशी आहे ते काही विचारू नका. बारा महिने खोकला, अंगाला मांस नाही, आणि दुधाचं नाव काढलं की ओकारी. "वास येतो," म्हणायची. पेला पुढे केला की नाक चिमटीत धरून मान फिरवायची, आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची. नाक माझंच घेतलंय कार्टीने.

हे दूध तिने घटाघटा प्यायलं. ओठ पुसून म्हणाली, "अजून दे."

काय सांगू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. माझे मिस्टर, राजरत्न, ते बँकेत आहेत, सहसा कशाने हलत नाहीत. तेही पेपर खाली ठेवून बघत राहिले. पुढच्या आठवड्यात मायाचा खोकला थांबला. वाफ नाही, औषध नाही, काही नाही, थांबला.

३

मायाला शाळेतून आणून संध्याकाळपर्यंत सांभाळतात त्या बनूबाई. वांगणीच्या. नवरा गेल्यावर बदलापुरात मुलाकडे आल्या. तोंडाने फटकळ, पण मायावर जीव. मी घरी पोचले की दिवसभराच्या तक्रारी मला उभ्या उभ्या ऐकाव्या लागतात.

"ताई, तुमच्या त्या पावडरीला दही नाय लागत," त्या एकदा म्हणाल्या.

"विरजण शिळं असेल."

"विरजण माझ्या घरचं हाय. तीनदा लावलं. घ्या, बघा."

पातेलं त्यांनी माझ्यासमोर आदळलं. आतलं दूध पांढरं, पातळ, सपाट. काल लावलेलं विरजण तळाशी गोळा होऊन जसंच्या तसं पडलं होतं. मी हुंगलं. आंबट नाही, नासकं नाही.

"ओट्यावर सांडलं तर मुंगी पण येत नाय," बनूबाई म्हणाल्या. "जित्या दुधाला दही लागतं, ताई. हे कसलं दूध?"

मी हसले. गुराला औषधाची इंजेक्शनं दिली की ती दुधात उतरतात आणि मग दह्याचे जंतू मरतात, हे मी त्यांना समजावलं. समजावता समजावता मी पातेलं पुन्हा हुंगलं. कारण औषधाचा अंश असेल तर माझ्या रिपोर्टात चूक होती, आणि ते दूध मायाच्या पोटात जात होतं.

दुसऱ्या दिवशी राखलेला नमुना काढून औषधांच्या सगळ्या चाचण्या पुन्हा लावल्या. एकही औषध नाही. मग हितेशने आपल्या डोक्याने एक गोष्ट केली. त्या दुधात मुद्दाम जिवंत जंतू सोडले आणि तेच जंतू आपल्या नेहमीच्या पिशवीच्या दुधातही सोडले. पिशवीचं दूध फाटून फसफसलं. त्या दुधात काही झालं नाही.

"मेले ना सगळे?" मी विचारलं.

"नाही ना, मॅडम. तीच तर गोम आहे." तो सूक्ष्मदर्शकावरून बाजूला झाला. "मेलेले नाहीत. वाढत पण नाहीत. जसे टाकले तसेच बसलेत. बाहेर काढून दुसऱ्या दुधात टाकले तर तिथेपण तसेच बसतात. क्या बोलू, मला कळत नाही."

मी डोळा लावून बघितलं. बारीक ठिपके, एकमेकांपासून दूर, हलत नव्हते. मला ते बघवेना.

४

त्याच व्यापाऱ्याचा दुसरा माल बंदरात लागला. आधीच्यापेक्षा कितीतरी मोठा. नमुने काढताना मी हजर राहते, असं मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "कशाला?" मी म्हटलं, "पहिल्याच्या वासाबद्दल शंका आहे." खोटं नव्हतं ते.

भर दुपारी यार्डात कंटेनर उघडला. आत गोण्या नीट रचलेल्या, कोरड्या, एक जाळं नाही, एक किडा नाही. अधिकाऱ्यांनी एक गोणी टोचली तेव्हा थोडी पावडर खाली फरशीवर सांडली. शेजारच्या कंटेनरमधून गव्हाचे दाणे सांडले होते आणि त्यांवर कबुतरांची झुंबड होती. पावडर सांडली तशी कबुतरं सरकली. उडाली नाहीत, फक्त सरकली. पावडरीभोवती मोकळी जागा राहिली आणि त्यापलीकडे ती टिपत बसली. मी पाय आपटला. काही कबुतरं भांबावून इकडेतिकडे धावली, पण त्या जागेत एकाचाही पाय पडला नाही.

"साहेब, हे बघितलंत का?"

अधिकारी भला माणूस. घाम पुसत त्यांनी बघितलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "मॅडम, कबुतरं खात नाहीत म्हणून मी माल अडवू शकतो का? तुम्हीच सांगा. काहीतरी वर किंवा खाली आलेलं द्या मला. एक आकडा द्या."

माझ्याकडे आकडा नव्हता. मी जे काही मोजू शकत होते ते सगळं उत्तम होतं.

५

माया शाळेत पडली आणि गुडघा खरचटला. मी धुतला, मलम लावलं, विसरले. मग एका सुट्टीला तिला न्हाऊ घालताना दिसलं, गुडघा अजून तसाच. लाल, ओला, आत्ताच खरचटल्यासारखा. खपली नाही, पू नाही, सूज नाही.

"दुखतं का गं?"

"नाही."

तिचे हात हातात घेतले. नखं कापून किती दिवस झाले होते ते मला आठवेना, आणि नखं आखूडच होती. मी तिला पाठमोरी केली, केस बाजूला केले आणि मानेपाशी नाक टेकलं. प्रत्येक आईला माहीत असतो तो वास. घाम, खोबरेल, शाळेची धूळ आणि त्याखाली आपलं लेकरू. मला साबण आला, खोबरेल आलं. त्याखाली काही नव्हतं.

मी अशी घाबरले की तिला ओलीच छातीशी धरलं. ती शांत उभी राहिली. हल्ली ती फारच शांत असायची.

डॉक्टरांकडे नेलं. रक्त, लघवी, छातीचा फोटो, सगळं झालं. डॉक्टर खूश. "हिची तब्येत इतकी छान कधीच नव्हती. सगळं नॉर्मल आहे." मी गुडघा दाखवला. ते म्हणाले, "मुलं खपली काढतात हो."

घरी राजरत्न माझ्यावरच उखडले. "सात वर्षांत पहिल्यांदा पोरगी रात्रभर न खोकता झोपते. आणि तू तिला हुंगत फिरतेस. तुझी नोकरी तुझ्या डोक्यात गेलीय, यशा."

त्यांचं खरं असावं असं मला वाटत होतं. फार वाटत होतं. त्या रात्री मी उरलेली सगळी पाकिटं मोरीत ओतून वर पाणी सोडलं.

६

पुढचे दोन-तीन दिवस बरे गेले. माया दूध मागायची, मी नाही म्हणायचे, ती हट्ट न करता निघून जायची. भात खायची, वरण खायची. रविवारी राजरत्न बाजारात गेले होते, मी मेथी निवडत होते, आणि माया माझ्याजवळून पाणी प्यायला गेली.

मला वास आला. तिचा.

मेथी तशीच टाकून मी उठले. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. आली माझी पोरगी परत, असंच वाटलं. मी तिला ओढून मांडीवर घेतलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसून भरभरून श्वास घेतला.

तो वास मला ओळखीचा होता. एका मे महिन्यात बंदरात गोठवलेल्या मांसाच्या कंटेनरची वीज बंद पडली होती आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. दार उघडलं तेव्हा मी पहिल्या रांगेत होते. तेव्हा तो वास अंगावर कोसळला होता. इथे तो अगदी कोवळा होता, नुकता सुरू झालेला. दुसऱ्या कोणाला कळलाही नसता.

"आई, घट्ट धरू नको," माया म्हणाली.

मी हात सोडला. तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे खड्डे पडले होते. मी बघत राहिले, ते भरून येतील म्हणून. आले नाहीत. तीही बघत होती. मग तिने बाही खाली ओढली, आपण काही लपवावं तशी, आणि माझ्याकडे बघून हसली. तिला आधीपासून माहीत होतं. मला वाईट वाटू नये म्हणून ती बोलली नव्हती.

मायाला घेऊन मी बनूबाईंच्या दारात कशी पोचले ते आठवत नाही. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि आत जाऊन डब्यामागून एक पाकीट काढलं. "तुमच्याकडून नेलं व्हतं मी, खिरीला. मग खाववलं नाय." मी तिथेच त्यांच्या पेल्यात पाणी ओतून पावडर ढवळली. माया प्यायली. बनूबाई पदर तोंडावर धरून भिंतीला टेकून उभ्या होत्या. थोड्या वेळाने वास विरत गेला. मनगट भरून आलं. तिच्या अंगाला पुन्हा कसलाच वास उरला नाही, आणि मी देवाधर्माची नसूनही हात जोडले.

बनूबाई दुसऱ्या दिवसापासून कामाला आल्या नाहीत.

७

दुसऱ्या मालाचा रिपोर्ट माझ्या टेबलावर आला. सगळं मर्यादेत. राहिली होती फक्त माझी सही.

मी टेबलाशी बसून राहिले. बनूबाईंचं पाकीट संपत आलं होतं, आणि ही पावडर भारतात फक्त तो एकच व्यापारी आणत होता. माल परत गेला तर माझ्या घरात काय होईल ते मी हुंगलं होतं. माल सुटला तर तो उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या मिठाईवाल्यांकडे जाईल, पेढ्यांत, बर्फीत, मग बारशाला, पेढे वाटायच्या प्रत्येक घरी, अंबरनाथ, बदलापूर, कर्जतपर्यंत. लहान मुलांच्या हातात. मी माझ्या मनाशी सबबही शोधली. पहिला माल कित्येकांनी खाल्लाय, त्यांचं काय होईल, म्हणून सोडायला हवा. सबब चांगली होती. पण मला त्या कित्येकांची पर्वा नव्हती. मला माया हवी होती.

हितेश आत आला आणि दार लावून उभा राहिला. दाढी वाढलेली.

"आमच्या गल्लीतला मिठाईवाला फार खूश आहे," तो म्हणाला. "म्हणतो, पेढा आंबतच नाही. और मंगाओ बोलतो."

"आई कशा आहेत?" मी विचारलं.

"पंधरा वर्षं शुगर होती. आता नॉर्मल." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "पायाची जखम जशी होती तशी आहे. मध्ये एक दिवस दूध संपलं होतं, मॅडम."

मी पेन खाली ठेवलं.

"त्या दिवशी मी मावशीला घरात येऊ दिलं नाही. वासामुळे." त्याने नाक पुसलं. "मॅडम, फेल करायचं असेल तर करा. मी काही बोलणार नाही. खरंच नाही बोलणार."

तो गेला नाही. तसाच उभा राहिला. बाहेर व्हॅन आल्याचा आवाज झाला, कोणीतरी पेट्या उतरवत होतं. आमच्या लॅबमध्ये मी कित्येक माल अडवलेत. कीड लागलेली डाळ, रंग घातलेली बडीशेप. व्यापारी फोनवर ओरडलेत, सर हळूच सुचवून गेलेत, आणि मी कोणाला भीक घातली नाही. लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे, असं मी ठणकावून सांगायचे. खरंच वाटायचं मला ते.

मी सही केली. हितेशने कागद उचलला आणि दोन्ही हातांनी धरून बाहेर नेला.

संध्याकाळी पिशवीत पाकिटं घेऊन घरी गेले. माया गॅलरीत उभी होती. खाली शेजारच्या मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या. तिच्याच वयाच्या, पण उन्हाळ्यापासून चांगल्याच उंच झालेल्या, फ्रॉक आखूड पडलेले. त्यांनी हिला हाक मारली नाही, वर बघितलंही नाही. मी दूध केलं. माया आत येऊन ओट्यापाशी उभी राहिली, दरवेळी राहते तिथे, खांदा ओट्याच्या काठाला आधी लागत होता तिथेच लागत होता.

"आई, हे प्यायलं की मी मोठी होईन ना?"

"हो," मी म्हटलं, आणि गुठळ्या राहू नयेत म्हणून चमचा फिरवत राहिले.